पाठीवर सॅक नको, तर ओझे कुठे? जोयड्याच्या रानवाटांवरचा हिशेब

मोले मागे टाकून अनमोड घाट चढला की गोव्याची हद्द संपते आणि कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याचा जोयडा तालुका सुरू होतो. अनमोड, तिनईघाट, कॅसलरॉक, डिग्गी, कुंभारवाडा, गुंद, अणशी ही नावे गोमंतकातील गिरिभ्रमण करणाऱ्यांना परकी नाहीत. पावसाळा सरला की या भागातील रानवाटांवर दोन प्रकारचे चालणारे दिसतात. एकाच्या पाठीवर चाळीस-पन्नास लिटरची सॅक असते, तिला छातीचा पट्टा, कमरेचा पट्टा, बाजूला पाण्याची बाटली असा सारा सरंजाम असतो. दुसरी असते त्याच गावातली बाई. तिच्या डोक्यावर चुंबळ आणि त्यावर सरपणाची मोळी असते, कमरेला कोयता अडकवलेला असतो आणि दोन्ही हात मोकळे असतात. वाट एकच, उतारही तोच. तरीही ओझे अंगावर कुठे असावे, याची दोघांची उत्तरे अगदी वेगळी आहेत.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही, कारण पाठीवर सॅक घेणे ज्यांना शक्य नसते त्यांची संख्या थोडी नसते. कुणाचा खांदा आखडलेला असतो, कुणाचे गळपट्टीचे हाड मोडून नुकतेच जुळलेले असते, कुणाला दमट हवेत पाठीला घट्ट चिकटलेल्या सॅकमुळे घामोळे उठते. अशा वेळी बहुतेक जण दोहोंपैकी एक करतात. चालणेच सोडून देतात, किंवा एक पिशवी हातात धरून सोबत्यांच्या मागून निघतात. पहिला मार्ग दुःखाचा आहे. दुसरा त्याहून वाईट आहे, कारण ओझे वाहण्याच्या ज्ञात पद्धतींत हात ही सर्वांत महागडी जागा आहे.

महागडी हा शब्द येथे मोजमापाने आला आहे. एस. आर. दत्ता आणि एन. एल. रामनाथन या भारतीय संशोधकांनी ओझे वाहण्याच्या सात पद्धतींची तुलना केली आणि ती १९७१ मध्ये ‘अर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीस किलोचे ओझे सपाट जमिनीवरून वाहताना शरीर किती प्राणवायू वापरते, हे त्यांनी मोजले. अर्धे ओझे छातीवर आणि अर्धे पाठीवर अशा दुहेरी पिशवीचा खर्च सर्वांत कमी निघाला. तो १०० मानला, तर डोक्यावरील ओझ्याचा खर्च १०३, पाठीवरच्या सॅकचा १०९, कपाळावरून पट्टा घेणाऱ्या शेर्पा पद्धतीचा ११४, पाठीवर धरलेल्या धान्याच्या पोत्याचाही ११४, कावडीचा १२९ आणि दोन हातांत धरलेल्या ओझ्याचा १४४ येतो. म्हणजे हातात पिशव्या घेऊन निघालेला माणूस दुहेरी पिशवीवाल्याच्या जवळजवळ दीडपट दमतो. या कोष्टकात सॅक तिसरी आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. तिच्या वरच्या दोन्ही जागा दुकानात फारशा न विकल्या जाणाऱ्या साधनांच्या आहेत.

कारण सोपे आहे. ओझे जितके कण्याच्या उभ्या रेषेपासून दूर, तितके शरीराला ते सावरण्यासाठी जास्त राबावे लागते. पाठीवर सॅक घेतलेला माणूस पुढे वाकतो तो घाईमुळे नव्हे, मागे पडू नये म्हणून. पुढे आणि मागे सारखे वजन असले की वाकण्याचे कारणच उरत नाही. हातातले ओझे मात्र प्रत्येक पावलागणिक झोके घेते आणि ते धरून ठेवणारे बोटांचे व मनगटाचे स्नायू क्षणभरही सैल होत नाहीत.

मराठी वाचकाला या दुहेरी पिशवीचे नाव नव्याने शिकावे लागत नाही. ती आपली पडशी. मध्ये तोंड, दोन्ही टोकांना खोल कप्पे, आणि मधला भाग खांद्यावर टाकला की एक कप्पा पुढे, एक मागे. वारकरी, फिरते विक्रेते, गावोगाव हिंडणारे गोसावी यांच्या खांद्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या होती. हीच युक्ती जनावरांच्या पाठीवरही होती. रेल्वे येण्यापूर्वी वंजारी-लमाणांचे बैलांचे तांडे सह्याद्रीतील घाटांतून मीठ वर आणि धान्य खाली नेत. त्या बैलांच्या पाठीवर टाकलेली गोणी दोन्ही अंगांना सारखी लोंबत असे, कारण एका बाजूला शेर-दोन शेर जरी जास्त झाले तरी उतारावर बैल घसरण्याची भीती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगावहून निघालेला लोहमार्ग घाट चढून कॅसलरॉकला पोहोचला आणि गोणी वाहणाऱ्या तांड्यांचे दिवस सरत गेले. माणसाच्या खांद्यावरची पडशी त्यानंतरही बराच काळ टिकली. ती गेली बहुधा शबनम आणि सॅक यांच्या मध्ये कुठेतरी, आणि कुणी तिची फारशी हळहळ केली नाही.

तरीही कोष्टक वाचून लगेच पडशी शिवायला टाकणे बरे नव्हे. दत्ता-रामनाथन यांनी मोजले ते सपाट जमिनीवर. जोयड्यात सपाट जमीन असते ती भातखाचरात. रानातली वाट म्हणजे मुळांच्या पायऱ्या, शेवाळलेले खडक, कुजक्या पानांचा थर आणि मध्येमध्ये ओहोळ. अशा वाटेवर पुढच्या कप्प्याचा पहिला दोष लगेच कळतो. तो स्वतःचे पाय दिसू देत नाही. चढावर ते चालते, उतारावर मात्र पुढचे पाऊल कुठे पडते आहे हे न दिसणे धोक्याचे. दुसरा दोष उकाड्याचा. छाती आणि पाठ दोन्ही झाकली गेली की घाम वाळायला जागा उरत नाही, आणि काळी नदीच्या खोऱ्यातील दमट हवेत ही गैरसोय लहान नाही.

दोन्ही दोषांवर उतारा आहे. पुढचा कप्पा आखूड शिवावा, बेंबीच्या वरच संपावा. त्यात हलके पण वारंवार लागणारे सामान ठेवावे, जसे खाऊ, विजेरी, प्रथमोपचाराची पुडी, मेणकापडात गुंडाळलेला फोन. पाणी मागे जावे. वजन अगदी निम्मे-निम्मे साधत नाही, पण थोडे मागे झुकलेले चालते. खांद्यावर येणारा पट्टा वीतभर रुंद असावा आणि तो मानेलगत बसावा, खांद्याच्या टोकाला नव्हे. पुढचा व मागचा कप्पा कमरेजवळ नाडीने जोडला तर पडशी झोके घेत नाही. ही गाठ सुरगाठच हवी. ओहोळ ओलांडताना पाय घसरला तर ओझे क्षणात अंगावरून सुटले पाहिजे, आणि एका खांद्यावर मोकळी टाकलेली पडशी या बाबतीत छाती-कमरेला आवळलेल्या सॅकपेक्षा भली. सॅक घेणाऱ्यांनीही पाण्यात उतरण्यापूर्वी पट्टे सोडावेत, हा नियम जुनाच आहे आणि तो सहसा पाळला जात नाही.

आता डोक्यावरचे ओझे. १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचा एक लेख आला आणि त्याने बराच गाजावाजा झाला. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचे ओझे या स्त्रिया डोक्यावरून वा कपाळपट्ट्याने नेतात, तेव्हा त्यांच्या शरीराला जवळजवळ काहीच जादा खर्च येत नाही, असे त्यात आढळले होते. पन्नास किलोची बाई दहा किलो ओझे जणू फुकटात नेते. नंतरच्या संशोधनाने हे चित्र थोडे मवाळ केले. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात डोक्यावर आणि पाठीवर ओझे नेण्याच्या खर्चात एकूण असा फरक दिसला नाही. काहींना डोक्यावरचे सोपे गेले, काहींना अवघड, आणि डोक्यावर नेणाऱ्यांनी मानेच्या दुखण्याची तक्रार केली. थोडक्यात, ही कला आहे, पण सर्वांना सारखी फळणारी नव्हे.

गोव्यातील मासळी बाजारात पाटी डोक्यावर घेऊन येणारी स्त्री काय किंवा जोयड्यातील मोळीवाली काय, दोघींची मान लहानपणापासून घडलेली असते. आधी रिकामी घागर, मग भरलेली, मग गवताचा भारा. पस्तिशीत पहिल्यांदा चुंबळ बांधणाऱ्या हौशी माणसाला ती वाट उपलब्ध नाही. शिवाय वाट ओळखीची नसेल तर डोक्यावर ओझे घेऊन खाली पाहता येत नाही, आणि खाली लोंबणाऱ्या वेली व फांद्या वरचे ओझे केव्हा ओढतील याचा नेम नसतो. गावातली बाई वाकते कुठे आणि वळते कुठे, हे तिच्या पायांना ठाऊक असते. तिने रोजच्या येण्याजाण्याने ती वाट स्वतःच्या उंचीएवढी मोकळी ठेवलेली असते.

कावडीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. रॉजर क्रॅम यांनी १९९१ मध्ये लवचीक काठ्यांवर ओझे घेऊन धावणाऱ्यांचे मोजमाप केले, त्यात शरीराचा खर्च पाठीवरच्या ओझ्याएवढाच निघाला, पण खांद्याला बसणारे हिसके बरेच कमी झाले. विहीर ते घर अशा मोकळ्या वाटेला कावड उत्तम. झाडीत ती आडवी फिरतच नाही.

नेपाळी हमालांचा कपाळपट्टा, म्हणजे नाम्लो, आणि त्याला टांगलेली डोको ही टोपली यांचे कौतुक मात्र करावे तेवढे थोडे. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या पाहणीत नामचे बाजारच्या वाटेवरील पुरुष हमालांचे ओझे सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि स्त्रियांचे ६६ टक्के भरले. तेही दिवसेंदिवस, चढउतारावर. त्यांचे रहस्य पट्ट्याइतकेच चालीत आहे. ते अतिशय हळू चालतात आणि पुन्हा पुन्हा थांबतात. ही चाल मात्र कुणालाही उचलता येते, तिला मानेची घडण लागत नाही.

खांदा दुखावलेल्या माणसासाठी खरी जागा कंबर आहे. मराठीत या जागेची शब्दसंपत्ती केवढी श्रीमंत आहे पाहा. नाण्यांसाठी कनवटी, रोकड बांधण्यासाठी कसा, पानसुपारीसाठी चंची, आणि भाजीपाला खुडता खुडता भरण्यासाठी लुगड्याचा ओचा. चंचीची रचना तर आजच्या कुठल्याही खिसेदार पट्ट्याला लाजवील अशी. एकाच कापडात लहानमोठे कप्पे, गुंडाळून नाडीने आवळले की कुठलीही पुडी हलत नाही. कोकण-गोव्यात कोयत्यासाठी कमरेला आकडी बांधतात. पाते मागच्या बाजूला, हात मागे नेला की मूठ हाताशी. ओझे शरीराच्या मध्यावर, पायांच्या अगदी वर, आणि खांदे पूर्ण मोकळे, हे या साऱ्यांचे समान सूत्र.

शहरी चालणाऱ्याने आकडीपुरते अनुकरण टाळावे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरता येत नाही. बाकीचे सर्व घेण्यासारखे आहे. कमरेचा रुंद पट्टा नितंबाच्या हाडांवर टेकलेला असावा, पोटावर नव्हे. दोन बाटल्या दोन बाजूंना आणि लहान कप्पा मागे, अशी मांडणी बरी. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. त्यावर किलोभर इतर सामान, एवढे कंबर दिवसभर सहज नेते. याहून जास्त झाले की पट्टा घसरू लागतो आणि तो वर ओढण्यातच दिवस जातो. ज्यांना कण्याच्या चकतीचे दुखणे आहे त्यांनी मात्र कंबर, डोके, पडशी यांपैकी काहीही निवडण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण कण्यावरून वजन खाली उतरते ते या तिन्हींतही.

राहते अंथरूण-पांघरूण. त्यासाठी वळकटी. घोंगडीची लांब गुंडाळी करून तिची दोन टोके बांधायची आणि ती एका खांद्यावरून दुसऱ्या कमरेकडे तिरपी घालायची. जगभरच्या पायदळांनी हे केले आहे आणि मेंढपाळ अजून करतात. एकच खांदा बरा असलेल्यांना ही पद्धत सोयीची पडते, खांदा दुखू लागला की ती काढून हातातही घेता येते. घोंगडीचा दुसरा गुण पावसाचा. एक कोपरा आत मुडपून खोळ केली की डोक्यापासून पोटरीपर्यंत आसरा. दोष असा की भिजलेली लोकर जड होते आणि जोयड्याच्या पावसात ती वाळत नाही. म्हणून मुक्काम नसेल तर घोंगडी घरी आणि प्लास्टिकचे पातळ इरले बरोबर, हे व्यवहारी.

वजनाचा आणखी एक हिशेब लोक विसरतात, तो पायांचा. अमेरिकी संशोधकांनी १९६९ मध्ये दाखवले की पायात घातलेल्या एका किलोसाठी शरीर धडावरच्या एका किलोच्या चार ते सहा पट खर्च करते, कारण ते वजन प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावे लागते. पाणी प्यायलेले जाड चामडी बूट घालून, पाठीवरचे अर्धा किलो कमी केल्याचे समाधान मानण्यात अर्थ नाही.

एवढे सगळे सांगितल्यावर एक गोष्ट उरते. गावकऱ्यांच्या या कसबाचे वर्णन करताना त्याला सहलीचा रंग देऊ नये. जोयड्यातील कुणबी कुटुंबे मुडलीसारखे कंद पिकवतात, रानातून सरपण आणतात आणि ओझी वाहतात, ती छंद म्हणून नव्हे. तालुक्यातील कित्येक वाड्यांपर्यंत धड रस्ता गेलेला नाही. तेथे रेशन माणसाच्या अंगावर येते, आणि माणूस आजारी पडला तर बांबूला कांबळे बांधून केलेल्या झोळीतून त्याला रस्त्यापर्यंत आणावे लागते. चौघांच्या खांद्यांवरचे हे ओझे कोणत्याही संशोधकाच्या कोष्टकात नाही. सीमेपलीकडे गोव्यात कुणब्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, इकडे त्यांचे भाईबंद त्याच मागणीसाठी अजून खेटे घालत आहेत. सामान उचलायला गावातला माणूस सोबत घेतला, तर त्याची मजुरी आधी ठरवून पूर्ण द्यावी आणि आपल्या अंगावर पेलत नाही ते सारे त्याच्या डोक्यावर ठेवू नये.

तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला नदीचे नाव मिळाले. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या यांशिवाय तेथे पाऊल टाकता येत नाही. कॅसलरॉकहून दूधसागरकडे रुळांवरून चालत जाणे हा तर रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. बोगद्यात गाडी आली तर बाजूला सरकायला जी जागा असते ती माणसापुरती असते, त्याच्या सामानाचा विचार तीत केलेला नसतो.

शेवटी, कापडी ओझ्याचा एक खास धोका. गाठोडे, पडशी, वळकटी या साऱ्यांना सॅकसारखा ताठ तळ नसतो. विसाव्याला थांबले की ती सहज पाचोळ्यावर टाकली जातात आणि कुणी त्यांवर डोके टेकून आडवा होतो. पाचोळ्यात गोचिडी असतात. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप त्यांच्याच चाव्यातून माणसाला होतो. उत्तर कन्नड जिल्हा आणि गोव्यातील सत्तरी तालुका या दोहोंनी तो पाहिला आहे. त्याचा जोर हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत असतो, म्हणजे नेमका चालण्याच्या हंगामात. तेव्हा थांबल्यावर ओझे फांदीला टांगावे किंवा उघड्या खडकावर ठेवावे. पँटच्या पायांवर मोजे ओढून घ्यावेत. घरी आल्यावर पडशी उलटी करून झटकावी, कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा नीट पाहावी. गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत थंडी वाजून ताप आला, डोके व अंग दुखू लागले, तर डॉक्टरकडे जाताना पहिले वाक्य ‘आपण जोयड्याच्या रानात गेलो होतो’ हे असावे.